कोळसुंद्याच्या नावाने

काही शब्द असे असतात की, त्यांनी दाखवलेली वस्तू गावातून निघून गेली तरी ते मागे राहतात. आमच्या मावळात ‘कोळसुंदा’ हा तसला शब्द आहे. पोर फार हुंदडायला लागले की म्हातारी म्हणते, “काय मेल्या कोळसुंद्यागत उधळतोस!” चार भाऊ मिळून एखाद्या गरिबाच्या बांधावर चालून गेले की लोक म्हणतात, “कोळसुंद्यांवानी तुटून पडले.” म्हणणाऱ्याने कोळसुंदा पाहिलेला नसतो आणि ऐकणाऱ्यानेही नसतो, तरी दोघांनाही अर्थ बरोबर कळतो. माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या डोंगरावर कोळसुंदा दिसला असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. पण त्याची दहशत अजून गुरांच्या गोठ्यात मुक्कामाला आहे.

कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. कुठे त्याला कोळसून म्हणतात, तर साहेबांच्या पुस्तकांत तो ‘ढोल’ म्हणून येतो. कंपनी सरकारासाठी दख्खनच्या मुलखाची मोजदाद करणारा साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. तीत हा कुत्रा आहे आणि मराठे त्याला ‘कोळसून’ म्हणतात, अशी नोंदही आहे. साइक्सने त्याला शास्त्रीय नाव दिले तेही ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा. जगाच्या शास्त्रात ह्या जनावराच्या भारतातल्या जातीला अजून हे आपल्या मुलखाचे नाव चिकटलेले आहे. शाळेत मी हे मुलांना सांगतो तेव्हा त्यांना मोठी मौज वाटते. आपल्या गावचा माणूस मुंबईत मोठा झाल्याचे ऐकावे, तशी ती ऐकतात.

माझ्या आजोबांना मात्र त्यात मौज वाटली नसती. त्यांच्या लेखी कोळसुंदा म्हणजे चोर. आमचे घर भातशेतीचे आणि गुरांचे. आवणी उरकली की खाली इंद्रायणीच्या काठाला गुरांना पाय ठेवायला जागा उरत नसे. मग सगळ्या वाडीची गुरे डोंगरावरच्या पठाराला जात. वरून पाऊस धो धो कोसळतो आहे, ढग जमिनीवर उतरले आहेत, दहा पावलांवरचा बैल दिसत नाही, आणि त्या धुक्यात कुठूनतरी शीळ ऐकू येते, असे आजोबा सांगत. “शीळ आली की समजायचं, कालवड गेली.” वाघ मागून येऊन मान मोडतो, जनावराला कळायच्या आत ते मरते. कोळसुंदे पळत्या जनावराचे लचके तोडतात. कालवड पळत असते आणि तिचे आतडे मागे लोंबत असते. हे ज्याने एकदा पाहिले त्याच्या मनात त्या जनावराविषयी दया उरत नाही, आणि आजोबांनी ते पाहिलेले होते.

म्हणून मग हाका निघे. ढोल, पत्र्याचे डबे, हातात कोयते आणि काठ्या. एखाद्या पाटलाकडे ठासणीची बंदूक असली तर ती पुढे. पण हाक्यात कोळसुंदा क्वचितच सापडे. तो वाघासारखा दडून राहत नाही आणि रानडुकरासारखा अंगावरही येत नाही. टोळी फुटते, चार दिशांना जाते आणि दोन डोंगर पलीकडे शीळ घालून पुन्हा एक होते. तेव्हा खरा उपाय विषाचा. काजऱ्याच्या बिया कुटून मेलेल्या गुराच्या मांसात भरायच्या. नाहीतर पौष-माघात, विणीच्या दिवसांत, बीळ हुडकायचे आणि तोंडाशी गोवऱ्या पेटवून धूर आत कोंडायचा. पिले बाहेर आली तर काठी होतीच. मारलेल्याचे कातडे कचेरीत दाखवले की बक्षीस मिळे. इंग्रजांच्या राज्यात रानकुत्र्याला मारण्याबद्दल बक्षिसे असत, आणि स्वराज्य आल्यावरही कित्येक ठिकाणी ती चालू राहिली. शिकारी साहेबांना त्याचा राग गुरांसाठी नव्हता. आपण मारावयाची हरणे तो मारतो, हा त्यांचा राग. गुराखी आणि साहेब ह्यांचे एकमत होण्याचे प्रसंग इतिहासात थोडे आहेत. कोळसुंद्याच्या बाबतीत ते झाले.

आजोबांनी बक्षिसाच्या पैशातून पितळेची एक कळशी घेतली होती. ती आमच्या घरात अजून आहे. नळ आल्यापासून ती रोजच्या वापरात नाही. पण लग्नकार्यात चिंच लावून घासली की सोन्यासारखी दिसते. तिला घरात ‘कोळसुंद्याची कळशी’ असेच म्हणतात. सुना येतात, त्या पहिल्यांदा नाव ऐकून दचकतात आणि मग त्याच नावाने हाक मारू लागतात.

प्रत्यक्ष कोळसुंदा मी पाहिला तो फार उशिरा, आणि मावळात नव्हे, ताडोबाला. शिक्षकांची सहल होती. सगळ्यांचे डोळे वाघासाठी लागलेले. पहाटेच्या गारठ्यात गाडी एका वळणावर थांबली आणि समोर रस्त्यावरच ही मंडळी बसलेली. सात होती. रंग विटकरीपेक्षा थोडा उजळ, कान गोलसर, शेपूट झुबक्याची आणि काळी. मी मनात केवढा तरी आडदांड प्राणी रंगवला होता. हा तर आमच्या मोत्यापेक्षा थोडासाच थोराड. वजन म्हणाल तर बारा ते वीस किलो. आमच्यातले एक गुरुजी मोठ्याने म्हणाले, “एवढ्याशा कुत्र्याला घाबरायचं?” त्यांनी आमच्याकडे पाहिले, एक उठून उभे राहिले, आणि गवतात मागे कुठेतरी शीळ वाजली. बारीक, लांब, माणसाने दोन बोटे तोंडात घालून वाजवावी तशी. सातही जण उठून निघून गेले. घाई नाही, गडबड नाही. मला आजोबांची आठवण झाली आणि खरे सांगतो, अंगावर काटा आला.

नंतर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही. पण वाचायला पदवी लागत नाही. हा आपल्या कुत्र्याचा भाऊबंद खरा, पण लांबचा. त्याचे कुळ वेगळे. आपल्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, ह्याला चाळीस. तो कुत्र्यासारखा भुंकत नाही. शिकार पडली की टोळीतल्या पिलांना आधी खाऊ देतात आणि बिळातल्या पिलांसाठी व त्यांच्या आईसाठी पोटातून मांस आणून ओकून देतात. दक्षिणेत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे ए. जे. टी. जॉनसिंग ह्या गृहस्थांनी १९७० नंतरच्या दशकात बंदीपूरच्या जंगलात पायी हिंडून त्यांचा अभ्यास केला. ते २०२४ साली वारले. ज्याला सगळे नुसते मारत होते त्याच्याकडे असे बसून पाहणारे फार थोडे होते. रानात हरिण, सांबर, डुक्कर शिल्लक असेल तर हा प्राणी गुराकडे क्वचितच वळतो. आमच्या डोंगरांवरचे सांबर-भेकर आधी माणसांनी संपवले, मग कोळसुंदा कालवडीकडे वळला, आणि मग कालवडीसाठी कोळसुंदा संपवला. ही साखळी आजोबांना कोणी सांगितली असती तर त्यांनी ऐकली असती की नाही, कोण जाणे. ज्याची कालवड गेली त्याला साखळी दिसत नाही, कालवडच दिसते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि कोळसुंद्याच्या डोक्यावरचे बक्षीस गेले. २०१५ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाने अंदाज बांधला तो असा की, साऱ्या जगात मिळून वीण करू शकणारे कोळसुंदे ९४९ ते २,२१५ एवढेच उरले आहेत. मावळातल्या एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेला याहून जास्त माणसे जमतात. आपल्या महाराष्ट्रात तो ताडोबा, मेळघाट, नागझिरा ह्या जंगलांत आहे, आणि सह्याद्रीत म्हणाल तर आमच्या दक्षिणेला कोयना-चांदोलीच्या बाजूला, जिथे २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला.

हे सगळे सांगण्याचे कारण गेल्या पौषात घडले.

माझी शाळा कामशेतच्या वर, नाणे मावळातल्या एका वाडीवर आहे. डोंगराच्या सोंडेवर धनगराचे एक घर आहे, आणि त्या घरातली एक नात माझ्याकडे चौथीत शिकते. त्या दिवशी ती उशिरा आली. पाटी-दप्तर काही नाही. म्हणाली, “आज्यानं बोलीवलंय. कागद घेऊन या म्हनला.”

मी चढून गेलो. काट्याचे कुंपण एका बाजूने उसकटले होते. चार शेळ्या मरून पडल्या होत्या. एकीचाच काय तो मागला भाग खाल्लेला, बाकीच्या नुसत्याच फाडलेल्या. दोन जित्या होत्या, पण एकीचा पाय लोंबत होता. म्हातारबा दगडावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, अजून काठी न टेकता वडिवळ्याच्या धरणापर्यंत उतरतो आणि चढतो. त्या सकाळी मात्र ते उठले नाहीत.

“गुर्जी, अर्ज लिवायचा. कोळसुंदं आलं हुतं राती.”

“तुम्ही पाहिलीत, बाबा?”

“पाह्यली की. सात-आठ हुती. बॅटरी मारली तवा पळाली.”

“कशी होती दिसायला?”

म्हातारबांनी जरा वेळ घेतला. “येक काळं-पांढरं. दोन पिवळी. येकाच्या गळ्यात पट्टा हुता.”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

“कोळसुंद्याच्या गळ्यात पट्टा असतो का, बाबा?”

“मंग काय झालं? रानात ऱ्हातंय, रानात वितंय, रानातलंच मारून खातंय. त्ये रानकुत्रं न्हाय तर काय? तुमीच सांगा, तुमी शिकल्याली मान्सं.”

आता ह्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? भाषेच्या दृष्टीने म्हातारबा अगदी बरोबर होते. शब्दाची फोड केली तर रानातले कुत्रे ते रानकुत्रे. पण सरकारी कागदात शब्दाची फोड चालत नाही. वन्य प्राण्याने गुरे-शेळ्या मारल्या तर वनखाते भरपाई देते. त्यासाठी अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मढे हलवायचे नसते. त्या प्राण्यांच्या यादीत वाघ आहे, बिबट्या आहे, लांडगा आहे, तरस आहे, आणि कंसात ‘ढोल’ असे लिहून रानकुत्राही आहे. गावठी कुत्रा त्या यादीत नाही. तो वन्य प्राणीच नव्हे. म्हणजे तीच शेळी, तेच दात, तेच रक्त. पण खाणाऱ्याचे नाव एक असले तर पैसे मिळतात, दुसरे असले तर नाही. म्हातारबांना हे कोणीतरी नीट समजावून सांगितलेले होते.

मी गप्प आहे असे पाहून ते म्हणाले, “गुर्जी, तुमी येवढी जाडजाड पुस्तकं लिवता. समदी खोटी. गावात समदी म्हन्त्यात, यातलं कायबी घडलेलं न्हाय. मंग माझ्यापायी येक वळ खोटी लिवली तर काय देव कोपंल?”

कादंबरीकाराला असा सवाल टीकाकारांपैकी कोणी अजून केलेला नाही. मला हसू आले आणि लगेच गेले, कारण समोर लोंबत्या पायाची शेळी ओरडत होती. म्हातारबा चेष्टा करीत नव्हते. चार शेळ्या म्हणजे त्यांच्या घराची वर्षाची मीठ-मिरची, नातीच्या वह्या आणि दवाखाना होता.

त्या दगडाशेजारी बसून मी जो विचार केला तो असा. कादंबरीतले खोटे दोघांच्या संमतीचे असते. वाचणाऱ्याला ठाऊक असते की हे घडलेले नाही, आणि तरी तो डोळे पुसतो. अर्जातले खोटे तसे नाही. त्याच्याखाली अंगठा उठणार तो म्हातारबांचा, माझा नव्हे. खोटे उघडे पडले तर मी शहाणा मास्तर बाजूला राहणार आणि चौकशी होणार ती त्यांची. बरे, उघडे पडले नाही तर? तर कागदोपत्री आमच्या डोंगरावर कोळसुंदे आले असे होणार. मग वर्तमानपत्रात येणार. लोक पुन्हा काठ्या घेऊन एका नसलेल्या जनावराच्या मागे लागणार. आणि पट्टा घातलेले ते कुत्रे पुढच्या अमावास्येला दुसऱ्याच्या कुंपणात शिरणार, कारण त्याचे नाव कोणीच घेतलेले नसणार. रोगाचे नाव चुकीचे लिहिले की औषधही चुकीचेच येते.

असे पूर्वी झालेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचे बेट आहे. तिथे पट्ट्यापट्ट्यांचा एक प्राणी होता, कांगारूसारखे पोटाशी पिशवी असलेला, पण दिसायला लांडग्यासारखा. मेंढपाळांची ओरड झाली की हा मेंढ्या मारतो. सरकारने १८८८ ते १९०९ ह्या काळात डोक्यामागे एक पौंड प्रमाणे २,१८४ बक्षिसे वाटली. त्या बेटावर वसाहतवाल्यांनीच आणलेली आणि मोकाट सुटलेली कुत्रीही मेंढ्या मारीत होती. पण बदनाम झाला तो पट्टेवाला. १९३६ च्या जुलैत सरकारने त्याला संरक्षण दिले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात त्यांच्यातला शेवटचा मेला. कायद्याला यायला दोन महिने उशीर झाला असे म्हणता येईल, नाहीतर पन्नास वर्षे.

मी कागद मांडीवर घेतला आणि म्हातारबांनी जे पाहिले ते लिहिले. सात-आठ कुत्री. एक काळे-पांढरे, दोन पिवळी. एकाच्या गळ्यात पट्टा. चार शेळ्या मेल्या, दोन जखमी. मग ते सगळे त्यांना वाचून दाखवले.

“पट्ट्याचं बी लिवलं?”

“लिहिलं, बाबा.”

त्यांनी बराच वेळ खाली दरीत पाहिले. मग अंगठा पुढे केला. शाई लावताना म्हणाले, “लिवलं त्ये खरं हाय. खऱ्याचं पैसं मिळत न्हाईत, येवढंच.”

वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तरुण पोरगा, शेतकऱ्याच्याच घरातला. त्याने मढी उलटीपालटी करून पाहिली, गळे पाहिले, मागच्या मांड्या पाहिल्या. म्हणाला, “गुरुजी, अर्जात पट्ट्याचं नसतं तरी मला कळलंच असतं. कोळसुंदे भुकेसाठी मारतात. एक पाडतात आणि सगळे मिळून तिचा फडशा पाडतात. चार फाडून तीन टाकून जाणं हे गावठ्यांचं काम. त्यांना भूक कमी आणि चेव जास्त.” पंचनामा जसा व्हायचा तसा झाला. नियम त्याने केलेला नव्हता आणि त्याच्या हातात दुसरे काही नव्हते. पण त्याने तिथूनच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. दुपारी डॉक्टर आले, दोन शेळ्यांना टाके घातले. त्यांतली एक जगली.

तो उतरून गेल्यावर मी त्या सोंडेवर एकटाच थोडा वेळ थांबलो. मला एक गोष्ट मोठी विचित्र वाटत होती. माझ्या आजोबांच्या काळी सरकार कोळसुंद्याच्या मरणाचे पैसे देत होते. आता सरकार कोळसुंद्याच्या जेवणाचे पैसे देते. मधल्या काळात कोळसुंदाच गेला. ज्या एका जनावराच्या नावावर म्हातारबांना चार पैसे मिळाले असते, ते जनावर आमच्याच वाडवडलांनी बक्षीस घेऊन संपवलेले. त्या बक्षिसाची कळशी माझ्या घरात, आणि तोटा म्हातारबांच्या कुंपणात.

संध्याकाळी म्हातारबांचा मुलगा खालून आला तो भातावर मारायच्या औषधाची बाटली घेऊनच. तो मुंबईच्या बाजूला गाडीवर जातो. बातमी कळताच निघाला होता. म्हणाला, “मढ्यात घालतो. पुन्हा येतील, खातील, मरतील. कुणाला अर्ज नको न् काय नको.” त्याचा राग मला समजत होता. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या हातातही काहीतरी असतेच. पण ह्या खेपेला मला बोलावे लागले नाही.

म्हातारबा म्हणाले, “बाटली ठेव तिकडं. मढं खायाला पैलं कोन येनार? आपलाच मोत्या. मंग कावळं. मंग मुंगसं. त्ये पट्टंवालं येनार समद्यांच्या माघारी.” जरा थांबून ते म्हणाले, “माज्या बापानं घातलं हुतं काजऱ्याचं. कोळसुंदी मेली, पर आमची तीन कुत्री बी मेली. खंडोबाच्या म्होरं उभं ऱ्हायला त्येला लाज वाटायची.”

शहरातल्या वाचकाला ह्या वाक्याचे वजन कळायचे नाही, म्हणून सांगतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात; पूर्वी कोटंब्यात भिक्षा घालून ती कुत्र्यासारखे भुंकत खाण्याची चाल त्यांच्यात होती. चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्याचा नैवेद्य होतो, त्यातला घास कुत्र्याला ठेवतात. धनगराच्या घरी कुत्रा हा राखणदार आहे, घरातला आहे आणि थोडासा देवातलाही आहे. आणि तोच कुत्रा मालकावाचून, टोळीने, रात्री आला की शेळी फाडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हातारबांनी त्यांतली एक दुसरीसाठी टाकून दिली नाही.

मुलाने खड्डा खणला आणि मढी पुरली. पूर्वी हे करावे लागत नसे. मेलेले ढोर पठारावर ओढून टाकले की आभाळातून गिधाडे उतरत आणि दोन तासांत हाडे पांढरी करीत. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाने गिधाडे मेली. त्या औषधाच्या गुरांसाठी वापरावर २००६ साली बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. गिधाडांचे जेवण मग कुत्र्यांच्या वाट्याला आले आणि कुत्री वाढली.

एवढ्यानेच ती वाढली असेही नाही. आमचे कामशेत आता पूर्वीचे राहिलेले नाही. जुना हमरस्ता होताच, २००२ साली द्रुतगती मार्गही डोंगरातून बोगदा पाडून गेला. धरणांच्या काठाने बंगले झाले. शनिवारी माणसे येतात, रविवारी रात्री जातात. मागे खरकटे राहते. रस्त्याकडेला कोंबडीच्या दुकानांची घाण गोण्यांत भरून टाकलेली असते. कोणी हौसेने बंगल्यावर कुत्रे पाळतो, आणि बंगला विकला की कुत्रे तिथेच राहते, गळ्यातल्या पट्ट्यासकट. ते काही दिवस फाटकाशी बसून वाट पाहते. मग उठते आणि कचऱ्याकडे जाते, तिथे त्याला टोळी भेटते. त्याला कोणी रानात पाठवले नाही, पण घराचे दार बंद झाले. २०१९ च्या पशुगणनेत देशातली मोकाट कुत्री १ कोटी ५३ लाखांच्या घरात मोजली गेली. ह्यांच्या अंगावरचे रोग, पिसाळ धरून, रानातल्या कोल्ह्या-खोकडांना आणि जिथे कोळसुंदे उरले आहेत तिथे त्यांनाही लागतात. म्हणजे माणसाच्या हातून जो वाचला त्याला माणसाच्या कुत्र्यापासून भीती.

मारून टाका, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कायद्याने ते करता येत नाही. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी करून, पिसाळीची लस टोचून त्यांना सोडायचे असते, आणि हे काम स्थानिक संस्थांचे आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मारून काय होते, हे आमच्या घरच्या कळशीवरून मला ठाऊक आहे. कचऱ्याचा ढीग जोवर भरतो आहे तोवर एका टोळीच्या जागी दुसरी येईल. म्हणून मी ग्रामपंचायतीला दुसरा अर्ज लिहिला. कोंबडीची घाण रस्त्यावर पडू नये, बंगलेवाल्यांनी कुत्र्यांची नोंद करावी, नसबंदीची आणि लशीची गाडी वर वाड्यांपर्यंत यावी, धनगरवाड्यांच्या कुंपणांना जाळी मिळावी. त्या अर्जाखाली पहिला अंगठा म्हातारबांचा आहे. काही झाले आहे, काही व्हायचे आहे. कुंपणाला जाळी बसली. पाहुण्या-रावळ्यांनी म्हातारबांना एकेक पाट दिली. यंदाच्या आखाडात त्यांतल्या दोन व्याल्या.

अर्जाला जोडायला कुत्र्यांची यादी हवी होती. मी चौथीच्या मुलांना ते काम दिले. वाड्या वाटून घेतल्या. मुलांनी मोठ्या उत्साहाने वह्या भरल्या: रंग काय, मालक कोण, पट्टा आहे की नाही, रात्री कुठे निजते. म्हातारबांच्या नातीने यादी सगळ्यांत नीट केली होती. तिने पानाच्या वर मथळा घातला होता तो ‘रानकुत्री’ असा. मग त्याच्यावर एक सरळ रेघ मारली होती आणि खाली वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘आमच्या गावची कुत्री’.

मी तिला विचारले नाही की, हे तुला कोणी सांगितले. वही तपासली, खाली सही केली आणि यादी अर्जाला जोडली.